पदराआडून सात चेंडू

विनूभाऊ खेडकर मला शेवटपर्यंत कळले नाहीत, हे आधीच सांगून टाकते. म्हणजे एवढं सगळं वाचून शेवटी कुणी माझ्या नावानं बोटं मोडायला नकोत. मी गणिताची मास्तरीण. कंपू भागातल्या मुलींच्या शाळेत आख्खी नोकरी काढली. उत्तर जुळत नसेल तर कुठेतरी पायरी चुकली आहे, परत मागे जा आणि शोध, हे मुलींना सांगण्यात माझा घसा बसला. आणि इथे दाना ओली नावाच्या गल्लीत माझ्या गच्चीला गच्ची लागून हा माणूस इतकी वर्षं राहत होता, त्याच्या पायऱ्या मी कितीदा मागे जाऊन तपासल्या. चूक सापडत नाही आणि उत्तरही जुळत नाही. माझं डोकं तिथे आजही चालत नाही.

दिसायला म्हणाल तर अगदी सरळ माणूस. उंच, काटकुळे, शर्टाच्या बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या आणि पँटचे दोन्ही खिसे कायम फुगलेले. खिशात चेंडू. कापडाचे, आत बाजरी भरून घरी शिवलेले. रबराचा चेंडू पडला की पळत सुटतो, हा बिचारा पडेल तिथे बसून राहतो, असं त्यांचं म्हणणं. बायको लग्नानंतर थोड्याच वर्षांत गेली, मूलबाळ नाही. धाकटा भाऊ प्रकाश, त्याची बायको शालिनी आणि हे, असे तिघं त्या घरात. पूर्वज फौजेबरोबर दख्खनेतून इकडे उत्तरेत आलेले शिपाईगडी. "आमच्या लोकांनी भाले फेकले, मी चेंडू फेकतो," म्हणायचे. "एवढंच की माझा परत येतो."

त्यांची एक खोड होती. बोलताना ते समोरच्याच्या तोंडाकडे बघतच नसत. डोक्याच्या वर वीतभर बघायचे. पहिल्यांदा मला वाटलं, माझ्यामागे भिंतीवर पाल आहे. मी दोनदा वळून पाहिलं. मग कळलं की चेंडू खेळवणाऱ्याची नजर तिथेच असते, चेंडू जिथे वर जाऊन वळतो तिथे. "हाताकडे बघू नये, कुंदाताई. बघितलं की हात लाजतो," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. आणि चेंडू पडला की दुसरं, "पडला तर पडला, वाकायला कंबर दिलीये देवानं." हे ते इतक्यांदा म्हणायचे की मी एकदा वैतागून म्हटलं, कंबर मोडल्यावर काय म्हणाल? त्यांनी खरंच विचार केला. मग वाकून चेंडू उचलला.

नोकरी सराफा बाजारात, एका सेठजींच्या दुकानात. गिऱ्हाइकांना दागिने दाखवायचं काम. एकदा एक बाई घरच्या लग्नासाठी बांगड्या बघायला आली आणि तिच्या कडेवरचं पोर काही केल्या रडायचं थांबेना. विनूभाऊंनी समोरच्या तीन बांगड्या उचलल्या आणि लागले खेळवायला. पोर गप्प. बाई गप्प. सगळं दुकान गप्प. सेठजी गादीवरून अर्धे उठलेले. "विनायकजी, ये सोना है. सोना." विनूभाऊंनी एकेक बांगडी झेलून मखमलीवर ठेवली आणि नम्रपणे म्हणाले, "जी, इसीलिए तो गिराया नहीं." बाईनं बांगड्या घेतल्या. पण सेठजींनी दुसऱ्या दिवसापासून त्यांना चांदीच्या काउंटरवर बसवलं. आता यात अपमान झाला की नाही? मी सरळ विचारलं. म्हणाले, "चांदी हाताला बरी असते. सोनं जड पडतं." मी घरी येऊन स्वतःशीच पुटपुटत बसले. माणसाला राग येतो, दुःख होतं, यातलं काहीतरी एक सांगावं की नाही?

विक्रमाचं वेड त्यांना मोबाईलनं लावलं. प्रकाशचं मोबाईलचं दुकान, त्यानंच भावाला एक घेऊन दिला, आणि हे त्यात जगभरचे चेंडू खेळवणारे बघत बसायचे. कुणी धावता धावता खेळवतोय, कुणी पाठीवर निजून, कुठे दोघं समोरासमोर उभे राहून एकमेकांकडे चेंडूंची रांग लावताहेत. मला बोलावून दाखवायचे. "एकट्याचे विक्रम वेगळे असतात, कुंदाताई, आणि जोडीचे वेगळे. दोन्हींची नोंद होते." एक परदेशी संस्था होती, ती अशा नोंदी ठेवायची. कडक काम. साक्षीदार पाहिजेत, घड्याळ धरणारा पाहिजे, सुरुवातीपासून शेवटपर्यंत न थांबता व्हिडिओ पाहिजे. साक्षीदार म्हणून मला धरलं. मास्तरीण खोटी सही करणार नाही, असा लौकिक होता ना माझा.

पहिला प्रयत्न एकट्याचा होता. पाच चेंडू, आमच्या मंडळाचा हॉल, लस्कर भागातली निम्मी मराठी घरं बाकांवर. विनूभाऊ सुरू झाले ते असे की बघताना श्वास घ्यायची आठवण राहिना. वेळ संपत आली होती, आता विक्रम होतो असं घड्याळवाल्यानं बोटानं खुणावलं आणि तेवढ्यात दार उघडून त्यांचे तालमीतले जुने वस्ताद काठी टेकत आत आले. विनूभाऊंनी दोन्ही हात जोडले. पाच चेंडू हवेत असताना. एक पेटीवर पडला, एक कुणाच्या मांडीत, बाकीचे धपधप खाली. आणि हे गेले वाकून वस्तादांच्या पाया पडायला.

मी तिथेच सुनावलं. "अहो, थोडं थांबता आलं नसतं?"

"थांबलोच की."

"नमस्कार थांबवता आला नसता का, म्हणते मी."

त्यांनी माझ्या डोक्याच्या वर बघितलं. "ते समोर आले ना," म्हणाले. जसं काही मीच काहीतरी खुळ्यासारखं विचारलं होतं.

त्यानंतर एकट्याचं वेड सुटलं आणि जोडीचं लागलं. "एकट्याचं म्हणजे आपणच प्रश्न घालायचा, आपणच सोडवायचा. जोडीत गंमत आहे. गेलेला परत येतो की नाही ते आपल्या हातात नाही." पण जोडी मिळेना. प्रकाशला उभा केला तर चेंडू आला की तो खाली बसायचा. "भैया, मेरे बस का नहीं है ये, मी व्हिडिओ काढतो ना." मला उभं केलं. माझ्या चष्म्याची काडी मोडली, तिथे माझं संपलं.

आता शालिनीचं सांगायचं तर आधी आमच्या इकडची एक रीत सांगायला हवी. पुण्याकडच्या पाहुण्यांना सांगितलं की ते हसतात, पण आहे ती आहे. आमच्या लोकांत बायकांचा पदर डोक्यावर असायचा. इथे येऊन शेजाऱ्यापाजाऱ्यांचं बघून तो खाली खाली सरकत काही घरांत हनुवटीपर्यंत आला. विशेषतः थोरल्या दिरासमोर. त्याच्यासमोर तोंड उघडं ठेवायचं नाही, त्याच्याशी सरळ बोलायचं नाही, हातात हात लागेल असं काही द्यायचं नाही. ताट खाली ठेवायचं, त्यानं उचलायचं. खेडकरांच्या घरी सासूबाई फार कडक होत्या. त्या गेल्या, पण पदर राहिला. कुणी ठेव म्हणालं नाही, कुणी काढ म्हणालं नाही. शालू बाजारात जायची, बँकेत जायची, मोकळ्या तोंडानं माझ्याशी तासभर गप्पा मारायची, आणि जिन्यात विनूभाऊंची चप्पल वाजली की पदर सर्रकन खाली. यात तिला काही त्रास होतोय असंही दिसायचं नाही. मीच चिडायचे.

एका दुपारी विनूभाऊ गच्चीवर खेळवत होते आणि एक चेंडू कठड्यावरून खाली गेला. खाली चौकात शालू पापड वाळत घालत होती. मी माझ्या गच्चीवर होते, मी हे डोळ्यांनी पाहिलं. खालून चेंडू वर आला. नुसता वर नाही, विनूभाऊंच्या हातात. ते चेंडूकडे बघत राहिले. मग त्यांनी दुसरा मुद्दाम टाकला, आला. मग दोन एकदम टाकले. एकामागून एक, मधे सारखंच अंतर ठेवून, दोन्ही आले.

"कुंदाताई," त्यांनी माझ्याकडे वळून हाक मारली, "जरा त्यांना विचारता का, तीन येतात का म्हणून."

ती खाली बरोबर त्यांच्या पायाखाली उभी. सगळं ऐकू येतंय. मी कठड्यावरून वाकून विचारलं. पदराआडून उत्तर आलं, "ताई, त्यांना सांगा, चार येतात."

मग कळलं की वर्षानुवर्षं स्वयंपाकघराच्या खिडकीतून ती त्यांना बघत होती आणि दूध उतू जायची वाट बघता बघता लिंबांवर हात बसवत होती. घरात कुणालाच पत्ता नाही. प्रकाशला सांगितलं तर तो म्हणाला, "तभी मैं सोचूँ, लिंबं इतकी मऊ का असतात."

त्या दिवसापासून माझी संध्याकाळ गेली. विनूभाऊ दुकानातून आले की दोघं गच्चीवर समोरासमोर, मधे बऱ्यापैकी अंतर, आणि बाजूला स्टुलावर मी. कारण माझ्याशिवाय त्यांना बोलता येईना.

"ताई, त्यांना सांगा, डावीकडचा फार उंच येतोय."

"विनूभाऊ, डावीकडचा फार उंच येतोय."

तोवर त्यांनी तो खाली आणलेलाही असायचा. "त्यांना विचारा, आता?"

"शालू, आता?"

"आता बरोबर आहे म्हणावं."

एकदा मी मुद्दाम गप्प बसले. बघू या, म्हटलं, काय होतं. तर दोघं हातात चेंडू धरून उभे, ही खाली मान घालून, ते आभाळाकडे बघत. हलेनात. शेवटी मलाच दया आली आणि मी निरोप पोचवला, तेव्हा खेळ पुढे सुरू झाला. आणि खेळ कसा! शालू खास झिरझिरीत साडी नेसायची त्या वेळी, पण शेवटी कापड ते कापड. डोळ्यांवर मच्छरदाणी बांधून सुईत दोरा ओवावा, तसलं काम. ती सात चेंडूंपर्यंत पोचली. दोघांत सात. जगात कुठल्या तरी दोघांनी ते जितका वेळ केलं होतं, त्याच्या जवळ ही जोडी दाना ओलीतल्या गच्चीवर येऊन पोचली.

गल्लीत कुजबुज झाली, होणारच. विधुर दीर आणि धाकटी भावजय. खोटं कशाला सांगू, एकदा माझ्याही मनात आलं. पण मी तिथे रोज बसत होते. वावगं म्हणावं असं मला काही दिसलं नाही. आणि जे दिसलं त्याला काय म्हणायचं, ते मला माहीत नाही. प्रकाशला कुणीतरी टोमणा मारला तेव्हा तो खो खो हसला. "अरे यार, ते दोघं एकमेकांशी बोलत नाहीत, बॉलशी बोलतात. मुझे तो अच्छा है, वेळेवर चाय मिलती है."

विनूभाऊंना विक्रम कशाला हवा होता, हे मला एकदा त्यांनी सांगितलं. त्याच सुमारास दाराच्या चौकटीला दोनदा खांदा आपटला म्हणून ते कंपूत डॉक्टरकडे जाऊन आले होते. काचबिंदू. नजर कडेनं जात चालली होती, मधली तेवढी शाबूत. गेलेली परत यायची नाही, असं डॉक्टर स्पष्ट म्हणाले. "त्याआधी एकदा झालं पाहिजे, कुंदाताई. कागदावर त्यांचं नाव येईल. घरात सगळे प्रकाशची बायको म्हणतात. मी तर काहीच म्हणत नाही." मी शालूला डोळ्यांचं सांगायला गेले, तर तिला आधीच माहीत. "ताई, दिवाळीपासून मी सगळे मधे टाकतेय. तुम्हाला दिसलं नाही?" मला दिसलं नव्हतं.

पहिल्यांदा जोडीनं केलं तेव्हा हॉल खचाखच भरला होता. साक्षीदार मी आणि तेच कंपूतले डॉक्टर, घड्याळही त्यांच्याच हातात, प्रकाशचा मोबाईल तिकाटण्यावर. आणि त्यांनी केलं. नुसतं केलं नाही, वेळ उलटून गेली तरी खेळत राहिले. पेढे वाटले, माझ्या डोळ्यांत पाणी आलं, मी सही केली. सगळं पाठवलं.

बऱ्याच दिवसांनी प्रकाशच्या मोबाईलवर उत्तर आलं. अगदी सभ्य भाषेत. दुसऱ्या व्यक्तीचा चेहरा कुठेच दिसत नाही. ती व्यक्ती कोण आणि सुरुवातीपासून शेवटपर्यंत तीच होती का, हे ठरवता येत नाही. दोघांचे चेहरे दिसतील असा प्रयत्न पुन्हा करावा, आम्ही आनंदानं बघू.

आम्ही चौघं व्हिडिओ लावून बसलो. प्रकाश म्हणाला, "दिख तो रही है. ही काय शालू." विनूभाऊ म्हणाले, "दिसताहेत की." मीही मान हलवली. कितीतरी वेळ बघितल्यावर माझ्या डोक्यात उजेड पडला. पडद्यावर हनुवटीपर्यंत झाकलेली एक साडी उभी होती आणि तिच्यातून दोन हात बाहेर येत होते. परीक्षेत शेजारणीच्या वहीत डोकावणारी मुलगी मी मागच्या बाकावरून पकडत असे. तीच मी, साक्षीदार म्हणून सही केली आणि माझ्या लक्षात आलं नाही. डॉक्टरांच्या नाही. हॉलमधल्या एकाच्याही नाही. आम्हाला तीच शालू होती; उभी राहायची ढब तिची, एका पायावर भार द्यायची सवय तिची. मला त्या संस्थेचा रागही आला. कापडाआडून खेळते तिला जास्त मार्क द्यायचे की कमी? पण त्यांचंही बरोबर होतं. सगळ्यांचंच बरोबर होतं, तीच तर पंचाईत.

आता पदर काढा म्हणायचं कुणी?

"विनूभाऊ, तुम्ही नका बोलू, मी सांगते तिला. तुमच्या नावानं."

"नको. माझ्या नावानं सांगितलंत तर त्यांना नाही म्हणता येणार नाही."

"मग तिनं आपणहून काढला तर?"

"त्यांची मर्जी. पण मला विक्रम हवाय म्हणून काढला तर ती मर्जी कुठली?"

मी खाली गेले. शालू गहू निवडत होती. "मी काढीन हो, ताई. मला काय त्याचं. पण ते समोर असताना आपणहून काढला तर त्यांना वाटेल, सासूबाई गेल्या आणि हिला रान मोकळं झालं."

"त्यांनी सांगितलं तर?"

"ते कशाला सांगतील? ते तसले नाहीत."

म्हणजे सांगितलं तर ते तसले ठरणार, नाही सांगितलं तर विक्रम जाणार. प्रकाशला धरलं, बाबा रे, तू नवरा आहेस, तू बोल. त्यानं कानावर हात ठेवले. "मैं क्यों बोलूँ? उद्या दोघं मिळून मलाच बोलतील." मी संतापले. मी काय डाकिया आहे, म्हटलं, रोज जिना चढायचा आणि उतरायचा. घरी आले आणि दार लावून घेतलं.

गच्ची रिकामी पडली. थंडीभर विनूभाऊ आपल्या खोलीत एकटेच खेळवायचे आणि मला भिंतीपलीकडून चेंडू पडल्याचा आवाज यायचा. आधी कधीतरी यायचा, मग सारखा यायला लागला. ते आवाज मोजायचे नाहीत असं मी ठरवलं होतं. एक दिवस गच्चीवर येऊन उभे राहिले आणि माझ्या डोक्याच्या वर बघत म्हणाले, "डावीकडून आलेला आता दिसत नाही. होळीपर्यंत जमलं तर जमलं."

यात निरोप नव्हता, कुणाला सांगा असं ते म्हणाले नव्हते. तरी मी खाली गेले. शालू कणीक मळत होती. मी एवढंच म्हटलं, "डावीकडचा दिसत नाही म्हणतात."

तिचे हात थांबले. परत मळायला लागली. मग म्हणाली, "ताई, हॉल कधी मिळतो, विचारा."

या वेळी हॉलमध्ये माणसं थोडी होती. शालू आली ती नेहमीसारखीच, पदर हनुवटीपर्यंत. खडूच्या खुणेवर जाऊन उभी राहिली. मला वाटलं, परत तेच होणार. खूण करायचं काम माझं, मी हात वर केला. तर तिनं हातातले चेंडू खाली ठेवले, दोन्ही हातांनी पदर डोक्यावरून मागे घेतला, फिरवून कमरेला खोचला आणि चेंडू उचलले. कुणाची तरी खुर्ची सरकली. प्रकाश मोबाईलमध्ये मान घालून बसला. तिचे केस पुढून पांढरे झालेत, कपाळावर घाम आलाय, हे मी बघत होते. विनूभाऊंची मान वर. नजर तिच्या डोक्याच्या वर वीतभर, जशी कायम असायची तशी.

"भाऊ," ती म्हणाली, "सुरू करा."

माझ्याकडे न बघता. त्यांना. माझा हात तसाच वर राहिला.

ते सुरू झाले. तिचा प्रत्येक चेंडू बरोबर त्यांच्या नजरेच्या मधोमध वर जायचा आणि तिथून खाली यायचा. मला दुसरं काही आठवत नाही, फक्त हे की एकही डावीकडे गेला नाही. मी मनातल्या मनात सगळ्या देवांना कामाला लावलं होतं. डॉक्टरांनी घड्याळावरची मान वर केली आणि हात उचलला. झालं. वेळ उलटली. त्यांनी आणखी थोडा वेळ खेळवलं, मग तिनं एकेक परत पाठवला आणि शेवटचा त्यांच्या खांद्यावर आपटून खाली पडला. तो त्यांना दिसलाच नव्हता. त्यानं काही बिघडत नव्हतं, विक्रम झाला होता.

टाळ्या वाजल्या. विनूभाऊ माझ्या दिशेनं वळले. ती समोर उभी, तोंड उघडं, धापा टाकत.

"कुंदाताई," ते म्हणाले, "त्यांना सांगा, मला वरचे चेंडू सोडून काही दिसलं नाही."

मी तोंड उघडलं आणि माझ्यानं निरोप सांगवेना. हे ते डोळ्यांबद्दल म्हणत होते, की तिची लाज राखत होते? डॉक्टरांना मी नंतर विचारलं, तेवढ्या अंतरावरचं माणूस दिसत असेल का? ते म्हणाले, मान खाली केली असती तर दिसलं असतं. मान खाली केली होती का, ते माझ्या लक्षात नाही. साक्षीदार मी होते, आणि मला सांगता येत नाही. शालूनं कमरेचा पदर सोडवला, डोक्यावरून पुढे ओढला. "त्यांना सांगा, ठीक आहे," म्हणाली.

कागद आला. दोघांची नावं, आणि व्हिडिओतला एक फोटो, दोघांचे चेहरे स्वच्छ. विनूभाऊंनी तो डोळ्याजवळ धरला, तिरका केला, मग माझ्याकडे दिला. "शालिनी प्रकाश खेडकर, असंच लिहिलंय ना?" मी असंच आहे म्हटलं. परत वाचा म्हणाले. परत वाचलं. पुढच्या खोलीत दारासमोरच लावून घेतला, येणाऱ्याजाणाऱ्याला आधी तोच दिसावा असा. आलेले पाहुणे फोटोत शालूचं तोंड बघायचे आणि मग चहा घेऊन येणाऱ्या शालूचा पदर बघायचे. आणि चहा ओठाला लावायचे, बिचारे.

कारण पदर परत होता तिथेच आला होता. पुढे विनूभाऊंची नजर गेली, उजेड-अंधार तेवढा कळायचा, तरी ही आपली त्यांच्यासमोर हनुवटीपर्यंत. माझा अगदी जीव गेला. "अगं बाई, त्यांना आता दिसत नाही. कुणासाठी घेतेस?"

"त्यांना दिसत नाही, ताई," शालू म्हणाली. "पण मी असते ना तिथे."

मी डोक्याला हात लावला आणि घरी आले.

विनूभाऊ गेल्या वर्षी गेले. त्याच्या थोडं आधीचं सांगते, मी त्यांना नीट पाहिलं ते शेवटचं. मी गच्चीवर डाळ वाळत घालत होते. पलीकडे त्यांच्या गच्चीवर विनूभाऊ दोन्ही तळवे पुढे करून उभे. समोर शालू, पदर हनुवटीला, ओच्यात चेंडू. मला वाटलं, आता हाक येईल. मी घाईनं हात पुसले, चप्पल शोधायला लागले.

"उजवा," शालू म्हणाली, आणि त्यांच्या उजव्या तळव्यात चेंडू पडला.

त्यांनी तो आवाजाच्या दिशेनं परत टाकला.

"डावा."

पडला. परत गेला.

"उजवा. डावा. भाऊ, हात जरा वर."

"असा?"

"असा. उजवा."

त्यांची मान या वेळी वर नव्हती. समोर होती, आवाज येत होता तिथे. एक चेंडू हुकला आणि दोघंही एकदम वाकले. मी चप्पल घालून कठड्याशी उभी. मला आनंद व्हायला हवा होता, आणि झालाही. पण आधी रागच आला, इतकी वर्षं स्टुलावर बसवलं मला म्हणून, आणि मग रडू आलं, ते कशाचं ते कळेना. एक हाक मारावी असं वाटलं, पण मारून सांगणार काय होते? मी जिन्यापर्यंत गेले, परत आले, आणि डाळ अर्धवट टाकून तिथेच उभी राहिले. मला कुणी हाक मारली नाही.